फुलातलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मनात आला की मी पटकन उदबत्ती लावायला वळते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. घरातले असता तर सांगितलं नसतं — हे आधीच सांगून ठेवते, उगाच माझ्या धैर्याचं कौतुक नको.

गोष्ट एका वायरची आहे. घरातलं इंटरनेट अंगणापलीकडच्या गॅरेजमध्ये नेणारी, करंगळीपेक्षा बारीक, निळी वायर. एवढ्याशा वायरीत कबूल करण्यासारखं काय असणार? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. म्हणजे — तसं मी वाटून घ्यायचे.

डोंबिवलीला, एमआयडीसीच्या निवासी भागात आमचं घर आहे. सासऱ्यांनी बांधलेलं. खाली धाकटे दीर प्रशांतभाऊजी, त्यांची बायको मेधा आणि सासूबाई. वर आम्ही दोघं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या कंपनीच्या भिंतीला पाठ लावून, घरापासून सुटं असं गॅरेज. सासऱ्यांची गाडी केव्हाच विकली गेली. मग त्यात मोडके पंखे, सायकली, गणपतीचं मखर, असं जे जे टाकवत नाही ते सगळं जाऊन पडलं.

ते गॅरेज मेधाने मागितलं. मागितलं म्हणजे काय, एक दिवस सगळ्यांसमोर विचारलं, आणि कुणी नाही म्हणायच्या आत झाडू घेऊन आत शिरली. भिंतींना चुना दिला, दोन शिलाई मशिनं आणली, कापड बेतायला एक लांब टेबल करून घेतलं. ती शिवलेल्या नऊवाऱ्या करायची. नेसायची कटकट नको, पायजम्यासारखी चढवली की झालं, अशा. आधी ओळखीपाळखीतल्या बायका आल्या, मग डोंबिवलीतल्या नाचाच्या क्लासवाल्या, मग ठाण्याच्या. फाटकाशी रिक्षा थांबायची आणि बाई विचारायची, "मेधाताईंचं वर्कशॉप हेच ना?" मी वर गॅलरीत उभी असायचे. मी बोटाने गॅरेज दाखवायचे. आमच्या घराचं नाव फाटकावर आहे, माझ्या नवऱ्याचं नाव आहे, माझंही आहे. ते कुणी वाचायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हेवा. हो, हेवाच. दुसरा शब्द शोधत बसत नाही. पण नुसता तेवढाच असता तर मी टोमण्यांवर भागवलं असतं. टोमणे मला छान जमतात.

नेट माझ्या खोलीत होतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे. करोनात शाळा बंद राहून वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा माझ्यासाठी म्हणून घेतलेलं. मी निवृत्त झाले, राउटर माझ्या खिडकीशेजारच्या फळीवर राहिला. मेधाला परगावच्या गिऱ्हाइकांना कापड दाखवायला, मापं घ्यायला व्हिडिओ कॉल करावे लागायला लागले, आणि गॅरेजमध्ये काही म्हणजे काही यायचं नाही. वर स्लॅब, मागे कंपनीची उंच भिंत. फोनची एक दांडी दिसली तरी नशीब. घरातलं वायफाय अंगणातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत जेमतेम जायचं आणि तिथे मरायचं. मधे एकदा भाऊजींनी सिग्नल पुढे ढकलणारा एक डबा आणून खालच्या खोलीत लावून पाहिला. त्याने फक्त त्यांच्या मोबाइलवरचे क्रिकेटचे सामने सुधारले.

शेवटी मीच म्हटलं, वायर टाकून घे. हे मुद्दाम सांगते आहे. मी मनाने दिलं होतं ते, आणि देताना मला फार बरं वाटलं होतं. थोरल्या जावेने द्यायचं, धाकटीने घ्यायचं, आणि घेताना "ताई, तुमच्यामुळे" म्हणायचं. असं असलं की माझा जीव शांत असतो. केबलवाल्या सुधीरने माझ्या खिडकीतून निळी वायर खाली सोडली, जास्वंदीच्या मागून भिंतीला पाइपात घालून गॅरेजपर्यंत नेली, आणि तिकडे मेधासाठी दुसरा छोटा डबा बसवला. इकडचं टोक राउटरमध्ये घालताना त्याने मला बोलावून दाखवलं. म्हणाला, "काकू, खट् असा आवाज आला पाहिजे. नाहीतर वायर लागल्यासारखी दिसते, पण लागलेली नसते." मी मान डोलावली. शिकवलेलं मी विसरत नाही.

घरातल्या वायफायचा पासवर्ड मात्र मी तिला कधी दिला नाही. तिने एकदा विचारला होता. मी म्हटलं, तुला वायर दिली आहे ना. भाऊजींच्या मोबाइलमध्येही मीच टाकून दिला होता, सांगितला नव्हता.

आणि मग त्या वायरीतून माझी मुलगी तिकडे जायला लागली.

सायली जर्मनीत असते. मला फोन करायची तो ठरलेला. "जेवलीस का, बाबा बरे आहेत ना, इकडे थंडी आहे, चल ठेवते." आणि तो ठेवला की थोड्या वेळाने अंगणापलीकडून तिच्या हसण्याचा आवाज यायचा. गॅरेजचं दार उघडं असायचं, मेधा मशीनवर काम करता करता लॅपटॉप समोर ठेवून तिच्याशी बोलत असायची. तासन्तास. काय बोलायच्या? मला शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसतं हसणं यायचं. माझ्या खोलीतून निघालेल्या वायरीतून माझी मुलगी माझ्या जावेशी हसत होती, आणि मी फळीवरचे लुकलुकणारे हिरवे दिवे बघत बसायचे. आईने मुलीच्या हसण्यावर रागवावं का? नाही ना? मी रागवत होते.

त्या वर्षी सायलीने तिकडच्या मराठी मंडळातल्या बायकांना मेधाचं नाव सुचवलं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या सगळ्या नाचाच्या गटाला नऊवाऱ्या हव्या होत्या. हे जमलं तर दुसऱ्या गावांतली मंडळंही येणार होती. मेधासाठी ते फार मोठं होतं. भाऊजींनी तिला बजावून ठेवलं होतं की या दिवाळीपर्यंत काही ठोस दिसलं नाही तर गॅरेज भाड्याने द्यायचं, पार्सलवाले गोदामासाठी मागे लागलेच आहेत. तिने कॉल दसऱ्याला ठरवला. दुपारी, म्हणजे त्यांची सकाळ. त्या सगळ्या जणी एका हॉलवर जमणार, कॅमेऱ्यासमोर एकेक येऊन मापं देणार, कापड बघणार, आणि तिथेच काय ते पक्कं होणार. दिवस चांगला, म्हणाली. मुहूर्त बघायला नको.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. ज्याचं जे हत्यार असेल ते. सासरे होते तेव्हा त्यांचे पाने-स्क्रूड्रायव्हर मांडायचे, मी माझा नकाशांचा गठ्ठा ठेवायचे. पूजा झाली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, विश्रांती द्यायची; दसऱ्याला उचलून कामाला लागायचं. मेधाने त्या नवमीला मशिनं पुसली, कात्र्या मांडल्या, आणि त्यांच्या रांगेत नेटचा तो छोटा डबाही ठेवला. बंद करून. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडू. फूल पाण्यात बुडवून तिने सगळ्यांवर शिंपडलं, तसं त्याच्यावरही शिंपडलं. मी दारात उभी होते. ती हसून म्हणाली, "ताई, याच्यावरच तर सगळं चाललंय माझं. याची नको का करायला?"

मला खरंच ते आवडलं होतं. हे सांगताना लाज वाटते, पण आवडलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सायलीचा फोन आला. शुभेच्छा, जेवायला काय केलंस, आणि मग "काकूला सांग, मी तुमच्या दुपारी हॉलवर असणार आहे, आता माझ्याकडे वेळच वेळ आहे." मी विचारलं, वेळ कुठून आला, ऑफिस नाही का? ती म्हणाली, "अगं, ती नोकरी मी सोडली ना. काकूला माहितीय. तुला सांगायचं राहिलं." कधी सोडली? गणपतीच्या आधी. गणपतीच्या आधीपासून मी दर फोनला विचारत होते, ऑफिस काय म्हणतंय, आणि ती सांगत होती, ठीक. अंगणापलीकडे माझ्या जावेला सगळं ठाऊक होतं आणि ती मला रोज जिन्यात भेटत होती.

फोन ठेवला. मी राउटरजवळ गेले. निळ्या वायरीच्या टोकाला एक चिमटीएवढी पट्टी असते, ती दाबली आणि वायर जराशी मागे ओढली. पूर्ण काढली नाही. भोकात तशीच बसलेली ठेवली, लागल्यासारखी दिसेल अशी. मला काय करायचं होतं? तिचा धंदा बुडवायचा होता? असं शब्दांत काही नव्हतं माझ्या डोक्यात. पण कॉल दुपारी आहे हे डोक्यात होतं. ते विसरले होते असं मी म्हणणार नाही.

मग मी पुरणपोळ्या लाटायला गेले. पोळ्या चांगल्या झाल्या.

दुपारी मेधाने डब्यावरचं फूल काढलं, बटण दाबलं, आणि नेट नाही. तिने दोनतीनदा बंद-चालू करून पाहिलं. मग अंगणात येऊन तिने वर हाक मारली, "ताई, तुमचं नेट चालू आहे का?" मी खिडकीतून म्हटलं, हो, माझ्याकडे दिवे लागलेत. ते खरंच होतं. तोपर्यंत मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते, आणि गंमत बघा, त्याचं मला समाधानही वाटलं.

"मग माझ्याच डब्यात काहीतरी झालंय," ती म्हणाली. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. ती वर आली असती, माझ्या खोलीत लॅपटॉप लावून बसली असती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नटली होती, केसात गजरा होता. आणि मी म्हटलं, "काल फुलातलं पाणी गेलं असेल आत."

तिने कपाळावर हात मारला. खरोखरचा, जोरात. धावत परत गेली. डबा पदराने पुसला, उलटा करून झटकला, फुंकर घातली. भाऊजी सोनं वाटायला बाहेर गेले होते. सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या, त्या म्हणाल्या की विजेच्या वस्तूवर पाणी शिंपडणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात हे कुणीतरी तिला सांगितलेलं. तिने स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणला आणि तो नेटचा डबा त्यात पुरला. वेळ तोवर होऊन गेली होती, आणि वर माझ्या खोलीत येऊन बसायचं तिला सुचलंच नाही.

मग ती अंगणात आली, हातात फोन, दुसऱ्या हातावर जांभळं रेशमी कापड. कुठे रेंज मिळते ते शोधत टाकीपासून फाटकापर्यंत फिरत होती. "दिसतंय का? रंग दिसतोय का? मी दिसत्येय का?" ऊन मी म्हणत होतं. फाटकातून पाहुणे येत होते, दसऱ्याचे, आपट्याची पानं घेऊन. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणून त्यांनी तिच्या हातावर, त्या कापडावर पानं ठेवली. तीही वाकून नमस्कार करत होती, आणि परत फोन वर धरत होती. "हॅलो? सायली, ऐकू येतंय का गं?"

मी वर खिडकीत होते. माझ्या कोपराशी राउटर होता. एका बोटाने ढकललं असतं तरी पुरे होतं. तिचा डबा तेव्हा तांदळात होता, तो काढून लावायला वेळ लागला असता, हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होते. आणि पासवर्ड? तो तर नुसता ओरडून सांगता आला असता. मी पडदा सरकवला, मला ऊन लागत होतं म्हणून.

संध्याकाळी सायलीचा मेधाला निरोप आला. बायका बराच वेळ ताटकळल्या, मग कुणीतरी म्हणालं की एक कॉल धड लागत नाही तिथे एवढी मोठी ऑर्डर कशी देणार, आणि ठाण्यातल्या कुणाचं नाव त्यांच्याकडे होतंच. त्यांना तिथल्या तिथे फोन लावला. ठरलं. "सॉरी काकू, मी खूप सांगून बघितलं." मेधाने निरोप आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवला. भाऊजी म्हणाले, "फुलं वाहून नेट चालत नसतं." तिने पाहुण्यांच्या ताटल्या धुवायला घेतल्या.

मी वर गेले आणि वायर आत ढकलली. खट् आवाज आला.

आता यापुढचं ऐका, कारण मला याचाच जास्त त्रास होतो. दुसऱ्या दिवशी तिने तांदळातून डबा काढला, लावला, आणि अर्थात तो लगेच चालू झाला. ती जिना चढून धावत माझ्याकडे आली. दम लागला होता. म्हणाली, "ताई, तुम्ही बरोबर होतात. पाणीच गेलेलं. सुकल्यावर झाला बघा चालू." म्हणजे माझ्या थापेला पुरावाही मिळाला. मी काय केलं? मी म्हटलं, "पुढच्या वेळी जपून गं."

पुढची वेळ आली नाही. त्यानंतर ती कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी कुणालातरी विचारायला लागली. लॅपटॉप अडकला की भाऊजींची वाट बघायची, फोन आला की "थांबा हं, माझ्याकडून काही बिघडायचं" म्हणायची. तीच बाई, जिने मशीनची मोटर एकटीने बसवली होती. परगावच्या गिऱ्हाइकांचे कॉल ती टाळू लागली. दिवाळीनंतर भाऊजींनी गॅरेज पार्सलवाल्यांना दिलं, आणि मेधाने भांडण केलं नाही. मी भांडण ऐकायला कान लावून बसले होते. एक मशीन विकलं, एक खालच्या खोलीत झाकून ठेवलंय. ती आता ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कपड्यांच्या युनिटमध्ये नोकरीला जाते. सकाळी जाते, संध्याकाळी येते, पाय सुजलेले असतात.

आणि सायली? मला वाटलं होतं, तिकडचा वेळ माझ्याकडे येईल. आला नाही. मेधाशी बोलायचं तिला अवघड वाटू लागलं असेल, ते फोन कमी झाले. मला अजून तोच ठरलेला फोन येतो. जेवलीस का, बाबा बरे आहेत ना. अंगणापलीकडून हसण्याचा आवाज येत नाही, आणि मी हेच मिळवलं.

निळी वायर अजून तशीच आहे. पार्सलवाल्यांचं नेट त्यांचं वेगळं आहे. मी वायर काढून टाकायला सांगितलेलं नाही. पुसायला फडकं घेतलं की तिच्या भोवतीने पुसते.

गेल्या दसऱ्याला मेधा सोनं द्यायला वर आली. वाकून नमस्कार केला, खुर्चीत टेकली, पाय चोळत गप्पा मारू लागली. त्यांच्या युनिटमध्ये भरतकामाचं एक कॉम्प्युटरवालं मोठं मशीन आलंय. आदल्या दिवशी सगळ्या बायकांनी त्याची पूजा केली. "मी आपले लांबूनच हात जोडले," ती हसत म्हणाली. "म्हटलं, माझ्या हातचं पाणी नको बाई त्याला." मीही हसले. मग तिने सहज म्हणून सांगितलं, सुपरवायझरने त्या मशीनसाठी तिचंच नाव काढलं होतं. बसून करायचं काम, पायांना आराम. शिकवणारही होते.

"मी नाही म्हणून सांगितलं, ताई. मला नाही जमत त्यातलं. तुम्हाला माहितीच आहे."

राउटर माझ्या पाठीमागे फळीवर होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हटलं, "बरं केलंस."